नाव त्यांचंच राहतं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून मी टीमची लीड. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून अभिनंदन केलं आणि लगोलग उपदेशही केला. म्हणाले, "अकरा वर्षं तू कोड लिहिलास. आता तो लिहून घ्यायचा. फरक कळतोय ना?" मी मान डोलावली. त्यात न कळण्यासारखं काय आहे?

मग म्हणाले, रोज चार ओळी वहीत लिहीत जा. लीड झालं की मन मोकळं करायला कोणी उरत नाही. मला हसूच आलं. आधी मी कोणापाशी मन मोकळं करत होते? तरी येताना वही घेतली. सांगितलेलं काम करायची खोड आहे.

आम्ही पाच जण. मी. मफलर, ज्याला एसीचं वावडं आहे आणि जो भर उन्हाळ्यातही गळ्याला गुंडाळून बसतो. जोडगोळी, म्हणजे स्क्रीनची कामं करणाऱ्या दोघी, ज्या पाणी प्यायलासुद्धा एकत्र जातात. आणि कंपाउंडर. वय पन्नास. एकवीस वर्षं दवाखान्यात काढली, आधी औषधं देण्यात, मग नोंदणीच्या खिडकीवर. शेचाळिसाव्या वर्षी कोडिंग शिकायला बसले. ऑक्टोबरपासून आमच्याकडे आहेत, सहा महिन्यांच्या बोलीवर. मार्चअखेर त्यांना कायम करायचं की नाही ते ठरेल, आणि माझा शब्द त्यात मोजला जाईल. मी त्यांना सांभाळून घेणार आहे. माणूस भला आहे.

आम्ही दवाखान्यांसाठी नोंदणीचा प्रोग्रॅम करतो. खिडकीवर नाव आणि मोबाईल नंबर घेतला की डॉक्टरांसमोर त्या पेशंटचा जुना कागद उघडतो. एवढंच. ऐकायला सोपं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डोक्याला ताप. पद्धत अशी आहे की टीममधल्या कोणाचाही कोड आधी माझ्या नजरेखालून जातो, मगच मुख्य कोडात मिसळतो. मला काही खटकलं तर मी शेरा लिहायचा, त्याने दुरुस्त करायचं, परत पाठवायचं, मी परत बघायचं. एका फडतूस चुकीपायी तीन दिवस जातात. तीच चूक मी स्वतः दुरुस्त केली तर वीस मिनिटं.

म्हणून आज सकाळी सातलाच ऑफिसला गेले. कोणी नव्हतं. मफलरचं आणि जोडगोळीचं काम उघडलं, जिथे वाकडं होतं तिथे सरळ केलं आणि मुख्य कोडात मिसळलं. नोंदीत नाव त्यांचंच राहतं, माझं कुठे येत नाही. श्रेय त्यांचं, वेळ माझा. आणखी कसा असायचा चांगला लीड?

साडेनऊला सगळे आले तेव्हा कामं उरकलेली होती. मफलरने स्क्रीन उघडून बराच वेळ पाहिलं. खूश झाला असणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कंपाउंडरांचं लिखाण म्हणजे नाकी नऊ आणतं. दोन बोटांनी टाइप करतात. आधी सगळं कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहितात. दर दोन ओळींमागे एक टीप: 'इथे खिडकीवरची बाई घाईत असते', 'म्हातारी माणसं जन्मतारीख अंदाजे सांगतात'. अहो, कोड आहे का आत्मचरित्र!

सगळ्या टिपा काढल्या. आता किती स्वच्छ दिसतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन नाही. मागच्या रविवारीही नव्हता. महिन्याच्या सुरुवातीला गेले होते तेव्हा तिच्या मोबाईलवर नुसता उकिरडा होता, तो मी दोन तास बसून आवरला. नंबर अक्षरांप्रमाणे लावले, एकाच माणसाची चार-चार नावं होती ती एक केली, पहिल्या पानावरची चित्रं काढली. थँक्यू राहिलं बाजूला, बाईसाहेब रुसल्यात. मी पण केला नाही फोन. दरवेळी मीच का?

दिवसभर कोणाशी बोलले नाही. संध्याकाळी दूधवाल्याला 'दोन' म्हटलं तेव्हा स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आम्ही सगळे एक वाजता खिडकीशेजारच्या टेबलावर एकत्र डबा खायचो. हल्ली मी जाऊन बसले की सगळ्यांचं खाणं भराभर संपतं. आज जोडगोळीतली एक काहीतरी सांगत होती, बाकीचे खिदळत होते. मी खुर्ची ओढली तर एकदम चिडीचूप. मी विचारलं, "काय चाललंय?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम, असंच." महिन्याभरापूर्वी ती मला ताई म्हणायची.

स्वाभाविक आहे. पद आलं की थोडं अंतर येतंच. उद्यापासून डबा जागेवरच खाईन, त्यांना तरी मोकळं वाटेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज कंपाउंडरांचं मोठं काम हाती घेतलं. एक पेशंट दोनदा नोंदला गेला असेल तर त्याचे दोन कागद जोडून एक करायचे, एवढंच काम. यांनी त्यासाठी सतरा अटी घातल्या होत्या! नंबर एक पण वय वेगळं असेल तर जोडू नका. आडनाव एक पण नावाचं पहिलं अक्षर वेगळं असेल तर खिडकीवर विचारा. वाचता वाचता झोप यायला लागली.

मी तीन ओळींत केलं. मोबाईल नंबर एक म्हणजे माणूस एक. इतकं देखणं काम बऱ्याच दिवसांत हातून झालं नव्हतं. स्वतःशीच हसले.

त्यांनी प्रोग्रॅम तपासायला लिहिलेली एक चाचणी मात्र पास होईना. तीत आजी आणि नात एकाच मोबाईलवर नाव नोंदवतात असं दाखवलं होतं. असली नाटकं कोण करतं? हल्ली शेंबड्या पोराकडेही स्वतःचा मोबाईल असतो. चाचणी काढून टाकली. मग बाकी सगळ्या पास, पडद्यावर सगळं हिरवं झालं.

नोंदीत नाव अर्थात त्यांचंच. कायम करायच्या वेळी साहेब हे बघतील आणि खूश होतील. माझ्याकडून त्यांना ही भेट समजायची.

५ मार्च, बुधवार

मफलर चक्क अर्धवट काम पाठवायला लागलाय. पूर्वी असा नव्हता. विचारलं, "काही अडचण आहे का रे घरी?" तर म्हणाला, "नाही हो. तुम्ही बघालच की." माझ्यावर इतका विश्वास आहे हे बरंच आहे, पण त्यामुळे आता साडेसहाला यावं लागतं. पाठ धरलीय.

दुपारी कंपाउंडर माझ्या टेबलाशी आले. हातात तेच पाठकोरे कागद. म्हणाले, "मॅडम, माझ्या कामावर आजवर एकही शेरा आला नाही. सगळं बरोबर असतं का?"

मी म्हटलं, "उत्तम असतं. काळजीच करू नका."

त्यांनी हातातले कागद एकदा उलटून पाहिले. मग "बरं" म्हणाले आणि जागेवर गेले. माणसाला कौतुक पचत नाही कधी कधी. मला मात्र बरं वाटलं. कोणाला तरी दोन चांगले शब्द बोलले.

१८ मार्च, मंगळवार

आजचं सगळं क्रमाने लिहून ठेवते.

अकराला एका दवाखान्यातून फोन आला. सहा वर्षांची मुलगी ताप आला म्हणून आली होती, आजोबांबरोबर. मोबाईल आजोबांचा. डॉक्टरांसमोर जो कागद उघडला त्यात आजोबांची औषधं त्या मुलीच्या नावावर. रक्त पातळ करायची गोळी, रोज एक, चालू ठेवा. डॉक्टर घाईत होते, त्यांनी 'चालू ठेवा'वर सही केली. नर्सने कागद पाहिला, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, ही कोणासाठी?

ती नर्स होती म्हणून.

तासाभरात जुना प्रोग्रॅम परत चढवला. आणखी चाळीस घरांचे कागद असे एकमेकांत मिसळलेले निघाले. नवरा-बायको, मायलेकी, एका ठिकाणी तर सबंध घर एकाच कागदावर. सगळे सुखरूप आहेत. जीव भांड्यात पडायला हवा होता, तो पडला नाही.

नंबर एक म्हणजे माणूस एक. माझा स्वतःचा नंबर एक आणि माणूसही एकच, म्हणून मला दुसरं काही सुचलंच नाही. एका फोनवर अख्खं घर चालतं हे मला दिसलं नाही. त्यांना माहीत होतं. एकवीस वर्षं.

१९ मार्च, बुधवार

दहाला बैठक. साहेबांनी त्या तीन ओळी भिंतीवरच्या पडद्यावर मोठ्या करून दाखवल्या. शेजारी लिहिणाऱ्याचं नाव होतं, कंपाउंडरांचं.

साहेब ओरडणाऱ्यातले नाहीत. शांतपणे विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

कंपाउंडर पडद्याकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्या तीन ओळींत त्यांचं काही नव्हतं. आंधळ्यालाही कळलं असतं. मला वाटलं, आता बोलतील.

ते म्हणाले, "नाव माझं आहे, साहेब."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "तपासलं कोणी?" मी म्हटलं, "मी. माझ्या नजरेतून सुटलं."

सुटलं म्हणे! इतकं सफाईदार खोटं आयुष्यात बोलले नव्हते. साहेब कंपाउंडरांना म्हणाले, "तुम्हाला कायम करायचं होतं या महिन्यात. ते आता बघू." ते "हो" म्हणाले. बैठक संपली तेव्हा खुर्च्या जागेवर लावून मग बाहेर गेले.

कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. मफलरनेही नाही, जोडगोळीनेही नाही. त्यांना काय माहीत म्हणा.

२० मार्च, गुरुवार

आज स्वतःला खूप गोष्टी सांगितल्या. लीड होऊन जेमतेम दीड महिना झालाय. खरं बोलले तर पद जाईल. मी मुद्दाम केलं नव्हतं, वाईट हेतू नव्हता. त्यांच्या नावावर करायला मी कुठे गेले होते, पद्धतच तशी आहे. त्यांना दुसरीकडे नोकरी मिळेल. पन्नासाव्या वर्षी, सहा महिन्यांचा अनुभव, वर हा डाग. मिळेल म्हणे. कोण देईल?

त्यातलं एकही कारण संध्याकाळपर्यंत टिकलं नाही.

ताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. मी आधीच चिडलेली, म्हटलं, आईला सांग रुसवा पुरे झाला. ताई म्हणाली, "रुसवा कसला गं? तिला तुझा नंबर सापडत नाही. तिला वाचायला दिसतं कुठे धड? तुझा फोटो दाबून फोन लावायची ती. तू फोटो काढून टाकलास. दीड महिना झाला, तिला वाटतंय तूच रागावलीस म्हणून काढलास."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही मला?"

ताई म्हणाली, "तू विचारलंस?"

फोन ठेवला आणि भांडी घासताना रडले. भांडी दोनच होती, तरी बराच वेळ लागला.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. उभ्याउभ्याच सांगितलं. त्या ओळी माझ्या आहेत. चाचणी मी काढली. फेब्रुवारीपासून मी सगळ्यांचंच बदलतेय.

साहेब ऐकत होते. मला वाटलं होतं, चिडतील. ते नुसते थकल्यासारखे दिसले. म्हणाले, "मला सांगून भागायचं नाही. ज्या खोलीत ते गप्प बसले त्याच खोलीत सांग."

बाराला सगळ्यांना बोलावलं. पडद्यावर काही लावलं नाही. सांगितलं. कंपाउंडरांकडे बघून म्हटलं, "तुमचा कोड बरोबर होता. माझा चुकला. आणि परवा मी गप्प बसले, ती चूक त्याहून मोठी."

ते मान खाली घालून ऐकत होते.

मग मफलर म्हणाला, "आम्हाला माहीत होतं मॅडम."

मी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कोडातल्या एका भागाला मी 'तपासा' असं नाव दिलं होतं, सकाळी येऊन बघतो तर दुसरंच नाव. मला वाटलं होतं, शेरा येईल. आलाच नाही."

जोडगोळीतली धाकटी म्हणाली, "आम्ही तर नीट लिहायचंच सोडलं. जीव ओतून लिहा आणि सकाळी येऊन परक्यासारखं वाचा. त्यापेक्षा अर्धवट बरं. अर्धवट बदललं तर इतकं लागत नाही."

म्हणजे इतके दिवस मी एकटीच काम करत होते. पाच जणांच्या टीममध्ये.

२४ मार्च, सोमवार

कंपाउंडरांना कायम केलं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, वर हेही सांगितलं की त्यांनी दुसरी टीम मागून घेतली. तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या आठवड्यात जातील.

मी म्हटलं, "मग माझं लीडपद काढून घ्या. मला कोडच लिहू द्या."

साहेब म्हणाले, "म्हणजे परत तेच सोपं काम? नाही. तू इथेच बसायचं आणि शिकायचं. सहा महिने बघतो, मग ठरवतो."

२६ मार्च, बुधवार

साडेनऊला ऑफिस. मफलरचं काम उघडलं. चौथ्या ओळीत चूक. हात शिवशिवले. दोन्ही तळवे मांडीखाली घेऊन बसले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. मग शेरा लिहिला: 'ही ओळ अशी का, ते सांगशील का?' तीन वेळा लिहून खोडला, कारण दर वेळी प्रश्नातच उत्तर येत होतं.

दिवसभर मफलरचं उत्तर नाही. तो समोरच बसला होता, सात पावलांवर.

३० मार्च, रविवार

आईकडे गेले. तिच्या मोबाईलला हात लावला नाही. म्हटलं, तूच सांग, कुठे काय हवंय. तिने सांगितलं, मी केलं. पहिल्या पानावर माझा फोटो सगळ्यात वर नको म्हणाली, ताईचा वर, माझा तिसरा. दुसरा गॅसवाल्याचा. लागलं जरा. पण लावला.

४ एप्रिल, शुक्रवार

कंपाउंडरांचा इथला शेवटचा दिवस. सामान म्हणजे एक खोकं, त्यात पेन्सिली आणि कागदांचा गठ्ठा. बाकीचे चहाला गेले होते. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले, जसे ते एकदा माझ्या टेबलाशी उभे होते.

विचारलं, "बैठकीत तुम्ही बोलला का नाहीत? त्या ओळी तुमच्या नाहीत, हे दिसत होतं ना?"

"दिसत होतं." त्यांनी खोक्याची झाकणं एकमेकांत अडकवली, मग सोडवली. "माझी मुलगी याच कामात आहे, दुसरीकडे. मला तिनेच शिकवलं. फेब्रुवारीअखेरीला घरी आली तेव्हा म्हणाली, बाबा, तुमचं काहीतरी दाखवा. ऑफिसचं बाहेर दाखवू नये, कळतं मला. पण दाखवलं. त्याच तीन ओळी होत्या. वाचून म्हणाली, बाबा, आता तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिता. आणि डोळ्यांत पाणी आलं हो तिच्या."

मी टेबलावर राहिलेली एक पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली.

"मी तोवर उघडूनच पाहिलं नव्हतं. तिच्याच खांद्यावरून वाचलं पहिल्यांदा. तेव्हा तिला म्हणालो नाही की हे माझं नाही. इतकी खूश होती. मग बैठकीत काय म्हणणार? तिथे नाही म्हटलं असतं तर तिलाही नाही म्हणावं लागलं असतं." चष्मा काढून पुसत म्हणाले, "बाकी एक आशा होती, की तुम्ही बोलाल."

मी म्हटलं, "दोन दिवस लागले मला."

"हो," ते म्हणाले. "मोठे होते ते."

मग त्यांनी विचारलं, "मी आधी लिहिलेलं मिळतं का हो कुठे? का पुसलं गेलं?"

काहीच पुसलं जात नाही. जुन्या आवृत्त्या कोपऱ्यात पडून असतात, कोणी मागत नाही एवढंच. साहेबांना फोन करून विचारलं, कागदावर काढून देऊ का. ते म्हणाले, दे. शोधलं. सतरा अटी, सगळ्या टिपांसकट. घाईतली बाई, अंदाजे जन्मतारखा, आजी, नात, सगळे जागच्या जागी. छपाई होताना वाचलं तर अकरावी आणि चौदावी अट एकच होती, शब्दन् शब्द. दोनदा लिहिली गेली होती. मी हूं की चूं केलं नाही. जसाच्या तसा कागद नेऊन दिला.

त्यांनी तो उभ्यानेच वाचला, बोट फिरवत, वरून खाली. "हा रविवारी दाखवतो तिला. नाराज होईल थोडी." मग बोट थांबलं. वर गेलं. परत खाली आलं.

"अहो, हे दोनदा झालंय."

मी पेन पुढे केलं. त्यांनी चौदाव्या अटीवर आडवी रेघ मारली, शेजारी छोटी सही केली, आणि पेन परत देताना माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्हाला दिसलं होतं ना हे?"

"हो."

"मग सांगायचं की, मॅडम!" म्हणाले, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळे हसले.

मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते. ते खोकं उचलून जिन्याकडे गेले. पुढच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरचं कोणीतरी सांगेल.